अप्पांची शपथ

पलंग जिन्याच्या वळणावर अडकला, आणि गेल्या अकरा दिवसांत पहिल्यांदा घरातली माणसं खळखळून हसली.

वरून थोरला रेटत होता, खालून ताई ओढत होती आणि पलंग ना वर जाईना, ना खाली येईना. माई सगळ्यात वरच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अगं, आडवा करा, आडवा!"

"माई, आडवाच आहे तो," ताई खालून ओरडली. "तू आधी उंटावरून शेळ्या हाकणं बंद कर. मी रोज चाळीस फुटी बस वळवते. मला पलंग वळवता येत नाही होय?"

"बसला चाकं असतात," थोरला वरून म्हणाला.

"आणि बसमध्ये दादा नसतो. म्हणून वळते."

थोरली सून भिंत आणि पलंग यांच्या बेचक्यात उभी होती. या भावंडांची जुंपली की मध्ये पडायचं नाही, हे ती लग्नानंतर आठवड्याभरात शिकली होती. तिने मुकाट्याने पाना काढला, पलंगाचा एक पाय सोडवला, आणि पलंग शहाण्यासारखा खाली उतरला.

"बघा," माई म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते?"

हा सगळा खटाटोप सकाळच्या फोनमुळे चालला होता. अकरा दिवस दवाखान्यात असलेल्या अप्पांचा ऑक्सिजन बारा लिटरवरून तीनवर आला होता. असंच राहिलं तर उद्या साध्या वॉर्डात, आठवड्याभरात घरी. फक्त महिनाभर जिना चढायचा नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. म्हणून अप्पा-माईंचा शेहेचाळीस वर्षांचा पलंग खाली कारखान्यात आणायचं ठरलं. कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. दोन मोठी टेबलं, पुस्तकं दाबून ठेवायचं एक लोखंडी यंत्र, भिंतीशी उभे पुठ्ठे आणि खळीचा आंबूस वास. गावातल्या सगळ्या वाचनालयांची फाटकी पुस्तकं इथे यायची आणि नवी पाठ, नवे पुठ्ठे लेवून परत जायची. अप्पा बाइंडर, त्यांचे वडील बाइंडर. थोरला त्यांच्या हाताखाली वीस वर्षं. थोरली पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवून द्यायची.

पलंग खिडकीशी लागला तशी ताईने आपला जुना मुद्दा पुन्हा काढला.

"मी अजून सांगते, माझ्याकडे न्या त्यांना. लिफ्ट आहे. इथे खळीच्या वासात आजारी माणूस झोपवायचा म्हणजे..."

"त्या वासाशिवाय झोप लागलीय का त्यांना कधी?" माई म्हणाल्या.

"दादा, तू बोल ना काहीतरी."

थोरला पलंगाचा पाय बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "माई म्हणते तसं."

"तू काय, माई म्हणेल तसंच म्हणणार. वहिनी, तुम्ही सांगा."

थोरलीने उशीला अभ्रा घालता घालता उत्तर दिलं, "तुमच्याकडे नेलं, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या बसमध्ये बसून परत येतील. तिकीटसुद्धा काढणार नाहीत."

पुन्हा हशा झाला. ताईही हसली. एवढ्यात फोन वाजला.

साडेतीन वाजले होते. डॉक्टरबाईंचा फोन रोज सकाळी आणि मग थेट संध्याकाळी पाचला यायचा. सगळ्यांची नजर आधी घड्याळाकडे गेली आणि मग फोनकडे. थोरल्याने तो उचलला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"सगळे जवळ आहात ना?" डॉक्टरबाईंचा आवाज नेहमीसारखा शांत होता, फक्त नेहमीपेक्षा भरभर. "तासाभरापूर्वी अप्पांना खुर्चीत बसवायला उठवलं. उभे राहिले आणि एकदम धाप लागली, घाम फुटला, ऑक्सिजन खाली आला. बघितलं तर उजवी पोटरी सुजलेली. या साथीच्या आजारात रक्त दाट होतं, गुठळ्या होतात. त्या होऊ नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून पोटात इंजेक्शन देतोय आपण. तरी काहींना होतंच. पायातली गुठळी सुटली आणि फुफ्फुसात जाऊन बसली. छातीच्या स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतेय. मोठी आहे."

माई पलंगावर बसल्या. नुकताच घातलेला पलंगपोस त्यांच्या मुठीत चुरगळला.

"शुद्धीवर आहेत?" थोरल्याने विचारलं.

"आहेत. पण रक्तदाब घसरतोय, हृदयावर ताण येतोय. गुठळी विरघळवणारं एक जोरदार औषध आहे. ते द्यायचं तर आत्ताच द्यावं लागेल. मात्र ते औषध चांगलं-वाईट ओळखत नाही. शरीरात कुठे जखम आतून भरत आली असेल, तर तीही उघडी करतं. म्हणून विचारते, नीट आठवून सांगा. गेल्या दोन-तीन महिन्यांत काही ऑपरेशन? पोटात अल्सर? अर्धांगाचा झटका? कुठे पडले होते का? डोक्याला मार?"

"नाही," ताई लगेच म्हणाली. "तसलं काही नाही. ठणठणीत होते."

"नाही," थोरला म्हणाला.

माईंनी नुसती मान हलवली.

थोरलीच्या हातात अजून उशी होती.

अठरा दिवसांपूर्वीची गोष्ट. थोरल्याला तंत्रशाळेतून बोलावणं आलं होतं. छपाई आणि बांधणी शिकवायची नोकरी. तो ते अप्पांना सांगायला याच खोलीत आला आणि दहा मिनिटांत बाप-लेकांचे आवाज रस्त्यापर्यंत गेले. "मी मेल्यावर जा!" असं अप्पा म्हणाले आणि थोरला दार आपटून बाहेर पडला. मग रागाच्या भरात अप्पा स्वतःच शिडीवर चढले. माळ्यावरचा पुठ्ठ्यांचा गठ्ठा थोरल्याशिवायही काढता येतो, हे त्यांना कुणाला तरी दाखवायचं होतं. शिडी घसरली. थोरली आवाज ऐकून धावत आली तेव्हा अप्पा जमिनीवर बसले होते. दाबयंत्राचा लोखंडी कोपरा कानाच्या वर लागला होता. रक्त नव्हतं, पण लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं.

तिने बर्फ धरला. डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. अप्पांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"सूनबाई, माझी शपथ आहे तुला. हे कुणाला कळता कामा नये. थोरल्याला तर नाहीच."

"अहो, पण अप्पा..."

"त्याला कळलं ना, तर तो जन्मभर या खोलीतून हलणार नाही. माझ्यामुळे बाप पडला, असं म्हणत बसेल. ओळखतो मी त्याला. जाऊ दे त्याला. मी भांडणारच, ते वेगळं. पण त्याच्या पायात ही बेडी नको."

ती गप्प राहिली. टेंगूळ तीन-चार दिवसांत बसलं. मग ताप आला, मग खोकला, मग रुग्णवाहिका. दवाखान्याच्या फॉर्मवर अप्पांनीच उत्तरं दिली होती आणि त्यात शिडी आली नव्हती. गेले अकरा दिवस तीही स्वतःला समजावत होती की ताप आणि टेंगूळ यांचा काय संबंध.

"म्हणजे डोक्याला मार नाही, असं लिहू ना मी?" डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. "मला औषध सुरू करायचंय."

"थांबा," थोरली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. उशी तिने कधी खाली ठेवली, तिला कळलं नाही.

"पडले होते. अठरा दिवसांपूर्वी. शिडीवरून. डोकं लोखंडावर आपटलं होतं, उजव्या कानाच्या वर. टेंगूळ आलं होतं."

"बेशुद्ध झाले होते? उलटी?"

"नाही. पण बराच वेळ बसून राहिले होते. नंतर दोन दिवस डोकं दुखतंय म्हणायचे."

मग डॉक्टरबाई कुणाला तरी म्हणाल्या, "औषध थांबवा. डोक्याचा स्कॅन, आत्ता." आणि यांना म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. फोनजवळ थांबा."

फोन बंद झाला.

ताईच आधी बोलली. बसच्या भोंग्यासारखा तिचा आवाज एकदम चढला.

"अठरा दिवस? अठरा दिवस तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात, वहिनी? ते तिकडे अॅडमिट झाले, रोज फोन येतोय, आणि तुम्ही..."

"अप्पांनी शपथ घातली होती."

"शपथ! उद्या ते म्हणाले असते विहिरीत उडी मार..."

"कुणासाठी?" थोरल्याने विचारलं. त्याचा चेहरा पुठ्ठ्यासारखा कोरा झाला होता. "कुणाला कळू नये म्हणून शपथ?"

अठरा दिवस मागे मोजायला त्याला वेळ लागला नाही. तो सावकाश दाबयंत्राकडे वळला आणि त्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

"मी दार आपटून गेलो त्यानंतर," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे माझ्यामुळे."

"हेच होऊ नये म्हणून शपथ होती," थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

"वहिनी, तुमचं रडणं नंतर..." ताईने सुरुवात केली.

"पुरे," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण ताई थांबली. "तिच्यावर ओरडतेस, मग माझ्यावरही ओरड. मलाही ठाऊक होतं."

"तुला?"

"शेहेचाळीस वर्षं शेजारी झोपते मी त्या माणसाच्या. उजव्या कुशीवर झोपणारा माणूस आठ दिवस डावीकडे तोंड करून झोपला. एकदा केसांतून हात फिरवला तर असा दचकला. मला वाटलं, दाराची चौकट लागली असेल. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खोटं सांगितलं असतं, आणि खोटं ऐकायचा मला कंटाळा आला होता." त्या उठल्या आणि थोरलीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "आत्ता डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली. मला आठवलंसुद्धा नाही. हिला आठवलं. ही बोलली."

ताई काही म्हणणार होती, एवढ्यात फोन पुन्हा वाजला आणि चौघंही टेबलाकडे झेपावली. पण फोन धाकट्याचा होता. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता, म्हणून घरात त्याला कप्तान म्हणत.

"काय मंडळी!" समुद्राच्या खरखरीतून तो ओरडला. "पलंग उतरला का? मी पैज लावलीय इथे, ताई आणि दादा जिन्यात भांडणार म्हणून!"

माईंनी फोन हातात घेतला.

"उतरला रे. तू जिंकलास. आता फोन ठेव, मी करते तुला."

"आवाज असा का येतोय तुझा? माई? माई..." आणि समुद्राने उरलेलं गिळलं.

पाऊण तासाने डॉक्टरबाईंचा फोन आला. अप्पांच्या कवटीच्या आत जुन्या रक्ताची एक बारीक रेघ होती. ताप नि खोकल्याच्या गडबडीत तिने कसलाच त्रास दिला नव्हता. पण ते जोरदार औषध गेलं असतं, तर ती रेघ तिथल्या तिथे फुटली असती.

"मग आता?" थोरल्याने विचारलं.

"जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी फुफ्फुसापर्यंत नेतो आणि गुठळी ओढून काढतो. धोका आहेच, पण कमी. एकाने सही करायला या. बाकीच्यांना आत सोडता येणार नाही."

गेले मात्र चौघंही. ताईने गाडी चालवली. एरवी ती रस्त्यावरच्या प्रत्येकाला नावं ठेवायची. त्या दिवशी एकालाही ठेवली नाहीत.

दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर काचेच्या दारापुढे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एक सोडून एकीवर बसू नये अशी पट्टी चिकटवलेली. माईंनी सही केली. अक्षर नेहमीसारखं गोल आलं. मग चौघं एकेक खुर्ची सोडून बसली. मुखपट्टीमुळे कुणाचा चेहरा धड दिसत नव्हता आणि कुणी कुणाकडे बघतही नव्हतं.

थोरला उठला आणि थोरलीपुढे येऊन उभा राहिला.

"मी शाळेला फोन करून नाही म्हणून सांगितलं आत्ता."

"आत्ता?" तिने वर पाहिलं. "इथून?"

"खाली गाडी लावत होती ताई, तेव्हा."

"त्यांचं आत काय चाललंय आणि तुम्हाला..."

"दुसरं काय करू मी?" तो हळूच म्हणाला. "दुसरं काहीच नाही माझ्या हातात."

तिने त्याच्या बाहीला लागलेली पलंगाखालची धूळ झटकली. तो जाऊन खिडकीशी उभा राहिला.

थोड्या वेळाने ताई यंत्रातून चहाचे दोन कप घेऊन आली. एक माईंना दिला. दुसरा घेऊन ती थोरलीपाशी थबकली, इकडेतिकडे पाहिलं, आणि पट्टी चिकटवलेल्या मधल्या खुर्चीवर सरळ बसली.

"बसू नये असं लिहिलंय," थोरली म्हणाली.

"मला वाचता येतं." ताईने कप तिच्या हातात दिला. "साखर दोन चमचे टाकलीय. तुम्ही घेत नाही, माहितेय. आज घ्या."

थोरलीने मुखपट्टी खाली करून घोट घेतला.

"मी तुमच्या जागी असते ना," ताई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "तर दादासमोर, माईसमोर, नणदेसमोर तोंड उघडलं नसतं. म्हटलं असतं, आता काय व्हायचं ते होऊ दे, आपण मूग गिळून बसावं. मी फार ओरडते, पण ऐनवेळी फार भित्री आहे. कुणाला सांगू नका."

"शपथ घालताय?"

ताईने चमकून पाहिलं. मग दोघींनाही हसू फुटलं. ते दाबता दाबता चहा सांडला आणि माईंनी दोघींकडे डोळे वटारले.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या सुमारास डॉक्टरबाई काचेच्या दारातून बाहेर आल्या. पहिल्यांदाच त्यांना सगळ्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. आवाजावरून वाटल्या होत्या त्याहून बऱ्याच बुटक्या आणि बऱ्याच तरुण होत्या. गालांवर चष्म्याचे लाल वळ उमटले होते.

"निघाली," त्या म्हणाल्या. "तीन तुकड्यांत निघाली. मोठा तुकडा माझ्या करंगळीएवढा होता. नळी बाहेर काढेपर्यंत रक्तदाब वर आला."

माईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"अजून चार दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल. डोक्यातल्या रेघेमुळे रक्त पातळ करायचं औषधही जपून वाढवायचंय. पण आज दुपारी मी घाबरले होते, तशी आत्ता घाबरलेली नाही." त्यांनी चौघांकडे पाहिलं. "शिडीचं कोणी सांगितलं?"

माईंनी थोरलीचा दंड धरून तिला पुढे केलं.

डॉक्टरबाईंनी नुसती मान डोलावली आणि आत गेल्या. खूप वर्षांत कुणी थोरलीकडे असं पाहिलं नव्हतं.

अप्पा घरी आले ते दवाखान्यात गेल्यापासून चोविसाव्या दिवशी. गळ्याची हाडं वर आलेली, दाढी वाढलेली, पण डोळे तसेच मिस्कील. डोक्याचा दुसरा स्कॅन झाला होता, रेघ पुसट झाली होती. खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या बसल्या त्यांनी खोलभर वास घेतला आणि म्हणाले, "खळ शिळी झालीय. फेका ती."

गोळ्यांचा डबा माईंनी ताब्यात घेतला. रक्त पातळ करायची गोळी रोज ठरल्या वेळी, एकही चुकवायची नाही. दर आठवड्याला रक्त तपासायचं. दाढी यंत्रानेच, ब्रश मऊ केसांचा. आणि डॉक्टरबाईंनी कागदावर ठळक रेघ मारून लिहिलं होतं, धारदार वस्तू हातात घ्यायची नाही. ते वाचून अप्पांनी टेबलावरच्या आपल्या सुऱ्यांकडे असं पाहिलं, जणू कुणी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं.

पहिल्या रविवारी ताई आली, कप्तान फोनवर आला, आणि जेवणं झाल्यावर अप्पांनी चमच्याने ताट वाजवलं.

"मला दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली. काल मी तंत्रशाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला."

थोरल्याच्या हातातला पेला वाटेतच थांबला.

"त्यांना म्हटलं, माझ्या मुलाने घाईत नकार कळवला, त्याची तब्येत बरी नव्हती. ते म्हणाले, त्याची की तुमची? मी म्हटलं, आमच्यात एकच तब्येत आहे. तर ते पुढच्या महिन्यापासून वाट बघतायत."

"अप्पा, मी नाही जाणार." थोरला खाली बघत म्हणाला. "तुम्ही माझ्यामुळे पडलात..."

"तुझ्यामुळे?" अप्पांनी भुवया उंचावल्या. "त्या शिडीच्या पायाचं रबर दोन वर्षांपूर्वी फाटलं. रोज म्हणायचो, बदलू. पडलो रबरामुळे. तू तर दाराबाहेर होतास. उगाच नसलेलं श्रेय घेऊ नकोस."

फोनमधून कप्तान खो खो हसला. थोरल्याने हसायचा प्रयत्न केला, पण त्याचे डोळे भरून आले आणि तो पेला ठेवून अप्पांच्या पायाशी पलंगावर बसला. अप्पांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. मग हात तिथेच राहू दिला.

"मी भांडलो ते खरं," ते म्हणाले. "एकटं पडायची भीती वाटली. दवाखान्यात कळलं, एकटं पडणं म्हणजे काय ते. त्यामानाने तू रोज संध्याकाळी घरी येणार, ही तर चैनच झाली."

"आणि कारखाना?" ताईने विचारलं. "तुम्हाला सुरी धरायची नाही, दादा शाळेत. कुलूप लावायचं?"

"ती दुसरी गोष्ट. सूनबाई बांधेल."

थोरली ताटं उचलत होती. ती जागच्या जागी थांबली.

"मी? मला नुसतं शिवता येतं, अप्पा. कापणं, पाठ गोल करणं, कातडं तासणं, मला काही म्हणजे काही येत नाही."

"शपथ मोडायची हिंमत आहे आणि पुठ्ठा कापायची नाही?"

त्या दुपारबद्दल अप्पा तिच्याशी अजून एक शब्दही बोलले नव्हते. थोरली ताटं हातात घेऊन उभी राहिली. मान खाली घालावी की वर करावी, हे तिला ठरवता येईना.

"मीही तेच म्हणत होते," माई म्हणाल्या. "हिचा हात तुमच्यापेक्षा स्थिर आहे."

"माझी सुट्टी मंगळवारी," ताई म्हणाली. "गठ्ठे पोचवायचं काम माझं. गाडी आहे, आणि वळवतासुद्धा येते."

"मग मी शिवणार," थोरला डोळे पुसत म्हणाला. "शाळेतून आल्यावर. तिच्या हाताखाली."

"बोंबला!" कप्तान फोनमधून ओरडला. "मी महिनाभर नाही, तर घरात राज्य बदललं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला शाळेत कागदपत्रं द्यायला गेला. माई वर होत्या. अप्पा पलंगावरून उठून टेबलापाशी खुर्चीत येऊन बसले आणि थोरलीने पहिला पुठ्ठा समोर घेतला. वाचनालयातला एक जाडजूड शब्दकोश होता. पानं शिवून, पाठ चिकटवून तयार होती. अप्पांनी पोलादी पट्टी कशी दाबायची, सुरी कशी तिरपी धरायची, एका दमात न कापता तीन हलक्या ओढींत कसं कापायचं, ते हात न लावता सांगितलं. सुरीकडे आपला हात जाऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

तिने कापलं. कडेला केसभर वाकडं गेलं.

"गेलं," ती म्हणाली.

"गेलं," अप्पा म्हणाले. "आतल्या अंगाला घे, कागदाखाली झाकलं जाईल."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"त्या दिवशी," अप्पांनी विचारलं, "डॉक्टरांनी विचारल्यावर तू लगेच सांगितलंस?"

ताईने काय सांगितलं असेल, माईंनी काय सांगितलं असेल, तिला ठाऊक नव्हतं. थापही मारता आली असती.

"नाही," ती म्हणाली. "त्यांना दोनदा विचारावं लागलं. पहिल्यांदा मी गप्प बसले."

अप्पांनी बराच वेळ त्या वाकड्या कडेकडे पाहिलं.

"मी असतो तर तिसऱ्यांदाही बोललो नसतो," ते म्हणाले. "असला हट्ट आहे माझा. त्या हट्टापायी मेलो असतो, आणि तो भार तुझ्या डोक्यावर टाकून गेलो असतो. चुकलं माझं."

सासऱ्याने सुनेला चुकलं म्हटल्यावर सुनेने काय म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने पट्टी सरळ केली, ती सरळच असताना पुन्हा सरळ केली.

अप्पा मुलांना, सुनेला, सगळ्या घराला अरे-तुरे करायचे. पण हाताखालच्या कारागिराशी, तो विशीतला असला तरी, ते नेहमी अहो-जाहोनेच बोलायचे. कामाचा मान म्हणायचे त्याला.

त्यांनी दुसरा पुठ्ठा कोपराने तिच्याकडे सरकवला.

"घ्या," ते म्हणाले. "आता ही बाजू कापा. सावकाश. घाई नाही आपल्याला."